कोठारापासून चुलीपर्यंत

(नभोवाणीवरील भाषण)

रोगाची साथ आली म्हणजे आपले लक्ष प्रथम दवाखान्याकडे जाते. नवे रोगी किती, बरे झाले किती, दगावले किती, ह्यांची मोजदाद रोजच्या रोज होते आणि सकाळी चहाबरोबर आपण ती वाचतो. परंतु साथीच्या पाठोपाठ घरांत शिरणारी आणखी एक व्यथा आहे. तिची नोंद कोणत्याही रुग्णालयाच्या वहीत होत नाही. ती व्यथा म्हणजे भूक. ही भूक कोणाच्या घरी किती आहे हे कसे शोधावे आणि ते कळण्याच्या आड काय येते, ह्याविषयी आज आपल्यापुढे थोडे बोलण्याचे योजिले आहे. उदाहरण २०२० सालच्या कोरोनाच्या साथीचे घेतो; कारण ती आपण सर्वांनी पाहिली आहे आणि तिच्यातील भुकेचा शोध घेण्याचे प्रयत्नही आपल्या देशात पुष्कळ झाले आहेत.

साथ आणि उपासमार ही जोडी महाराष्ट्राला नवी नाही. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसू लागला. त्याच साली पाऊस फसून देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ पडला. १९१८ साली इन्फ्ल्युएन्झाने घरेच्या घरे ओस पाडली. त्याही वर्षी पावसाने दगा दिला होता. त्या दोन्ही प्रसंगी शेतात पीक नव्हते आणि बाजारात धान्याचे भाव चढलेले होते. भूक का आली, हे निराळे सांगण्याची गरज नव्हती.

२०२० सालची गोष्ट अगदी निराळी होती. त्या वर्षीच्या १ एप्रिलला सरकारी कोठारांत, भरडावयाच्या धानातून निघणारा तांदूळ धरून, ७ कोटी टनांहून अधिक गहू व तांदूळ होता. त्या तारखेला राखीव साठा किती असावा ह्याचा जो नियम आहे, तो सुमारे २ कोटी १० लाख टनांचा. म्हणजे नियमाच्या तिपटीहून अधिक धान्य हाताशी होते. रब्बीचे पीक शेतात उभे होते. असे असूनही त्याच एप्रिल महिन्यात लाखो घरांतील चुली एक वेळच पेटत होत्या. अमर्त्य सेन ह्यांनी १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून १९८१ साली जे प्रतिपादन केले, ते येथे पुन्हा प्रत्ययास आले. देशात धान्य असणे ही एक गोष्ट आणि ते धान्य मिळविण्याचे साधन माणसाच्या हाती असणे ही दुसरी. कोठार आणि चूल ह्यांच्यामध्ये एक वाट आहे. ती वाट कोठे तुटली, हा आपल्या शोधाचा विषय होय.

ह्या वाटेवरील पहिले ठाणे म्हणजे मजुरी. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि रोजच्या कमाईवर रोजचा बाजार करणाऱ्या माणसाचे उत्पन्न दुसऱ्या दिवशी शून्यावर आले. महिन्याचा किराणा भरून ठेवणाऱ्या आपल्यासारख्या घरांना त्या रात्रीची खरी भीती कळली नाही. ज्याच्या घरी डबे नाहीत, केवळ पुड्या येतात, त्याच्या दृष्टीने एकवीस दिवस म्हणजे एकवीस निरनिराळी संकटे होती.

दुसरे ठाणे शिधापत्रिकेचे. सरकारने येथे हात आखडता घेतला असे म्हणता येणार नाही. २६ मार्च रोजीच केंद्र सरकारने माणशी दरमहा ५ किलो धान्य आणि कुटुंबामागे १ किलो डाळ तीन महिने मोफत देण्याची घोषणा केली. पुढे ही मुदत त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत वाढविली. हे धान्य नेहमीच्या स्वस्त धान्याखेरीज होते. परंतु ते कोणाला? ज्यांची नावे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत आहेत त्यांना. त्या कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के व शहरी भागातील ५० टक्के लोकांपर्यंत मर्यादा घातलेली आहे. यादीबाहेर राहिलेल्या केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी महाराष्ट्र शासनाने मे व जून महिन्यांपुरती माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने व २ किलो तांदूळ १२ रुपये दराने देण्याची व्यवस्था केली. तरीही ज्यांच्याजवळ कोणत्याच रंगाची शिधापत्रिका नव्हती, ते उरलेच.

तिसरे ठाणे गावाचे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबांचेच पाहा. गळीत हंगाम संपत आला असताना टाळेबंदी झाली आणि ही कुटुंबे एप्रिलच्या मध्यापर्यंत कारखान्यांच्या परिसरातील खोप्यांत अडकून पडली. त्यांची शिधापत्रिका होती. ती गावच्या दुकानाशी जोडलेली होती. माणूस एकीकडे आणि त्याच्या नावाचे धान्य दुसरीकडे, अशी ही ताटातूट. कोणत्याही गावी अंगठा देऊन धान्य घेता यावे ह्यासाठी ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना महाराष्ट्र-गुजरात व आंध्र-तेलंगण अशा जोड्यांमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली होती. पण साथ आली तेव्हा ती बाल्यावस्थेत होती. सर्व राज्यांनी ती ३१ जुलै २०२१ पर्यंत अमलात आणावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला जून २०२१ मध्ये द्यावा लागला.

चौथे ठाणे प्रत्यक्ष चुलीचे, आणि ह्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. भिवंडीच्या यंत्रमागांवर काम करणारे हजारो परप्रांतीय कामगार पाळीपाळीने एकाच खोलीत निजतात आणि ‘भिशी’ नावाच्या खानावळीत जेवतात. त्यांच्या खोलीत चूल नाही, भांडे नाही. अशा माणसाच्या हाती पाच किलो तांदूळ दिला तर तो त्याने शिजवावा कशावर? ज्याच्या घरी चूल आहे त्यालाही जळण लागते, तेल-मीठ-तिखट लागते. गहू मिळाला तर तो दळावयास गिरणी उघडी लागते आणि दळणाचे पैसे लागतात. कागदावर ‘धान्य पोचले’ असे लिहिले जाते त्या क्षणापासून भाकरी ताटात पडेपर्यंत इतक्या गोष्टी जमून याव्या लागतात.

श्रोते हो, ही वाट कोठे तुटली हे सरकारी दप्तरांवरून कळत नाही. दुकानात किती धान्य आले व किती गेले, एवढेच दप्तर सांगते. जो दुकानापर्यंत आलाच नाही त्याची नोंद दप्तरात कशी असावी? म्हणून माणसांना विचारावे लागते. परंतु घरोघर जाऊन विचारणे हेच तर साथीने अशक्य केले होते. अभ्यासकांनी मग दूरध्वनीचा आश्रय घेतला, आणि येथे शोधाच्या पद्धतीचा एक मोठा धडा आपल्याला मिळतो.

त्या वर्षी झालेल्या तीन पाहण्यांची तुलना करून पाहू. पहिली, अडकून पडलेल्या कामगारांसाठी काही स्वयंसेवकांनी उभारलेल्या ‘स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क’ ह्या संघटनेची. ह्यांनी नमुना निवडला नाही. अडचणीत सापडलेले कामगार त्यांना फोन करीत, आणि मदत पोचविता पोचविता हे स्वयंसेवक माहिती टिपून ठेवीत. १५ एप्रिल २०२० रोजी त्यांनी ११,१५९ कामगारांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी मोठा भाग महाराष्ट्रात अडकलेला होता. त्यांतील ९६ टक्के लोकांना तोवर सरकारकडून शिधा मिळालेला नव्हता आणि ८९ टक्के लोकांना टाळेबंदीच्या काळात मालकाकडून काहीही वेतन मिळाले नव्हते. दुसरी पाहणी अझीम प्रेमजी विद्यापीठाने एप्रिल-मे महिन्यांत बारा राज्यांतील सुमारे ५,००० लोकांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारून केली. तीत ७७ टक्के घरांनी पूर्वीपेक्षा कमी खात असल्याचे सांगितले. तिसरी पाहणी ‘हंगर वॉच’ ह्या नावाने अन्न अधिकार अभियानाने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे टाळेबंदी सैल झाल्यावर, अकरा राज्यांतील सुमारे ४,००० लोकांमध्ये केली. ती मुद्दाम दुर्बल वस्त्यांत केलेली होती.

ह्या आकड्यांवरून ‘देशात इतके टक्के लोक उपाशी होते’ असे अनुमान काढणे बरोबर होणार नाही. पहिल्या पाहणीत ज्याने हाक मारली त्याचेच ऐकले गेले. तिसरीत मुळात गरीब वस्त्याच निवडल्या. परंतु म्हणून हे आकडे टाकाऊ ठरत नाहीत. प्रत्येक पद्धतीचा एक कान असतो. त्या कानाला विशिष्ट आवाज ऐकू येतो आणि विशिष्ट आवाज येत नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. दूरध्वनीवरील पाहणीला अशा माणसाचा आवाज ऐकू येतो, ज्याच्याजवळ फोन आहे, तो भारित करण्यास वीज आहे आणि बोलण्यास मोकळीक आहे. घरात एकच फोन असेल तर तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. ज्याने पहिल्याच आठवड्यात फोन विकून पीठ आणले, तो दूरध्वनीवरील पाहणीच्या आकड्यात नाही. तेव्हा दूरध्वनीवरून मोजलेली भूक ही खऱ्या भुकेहून कमीच भरण्याचा संभव अधिक.

माणूस गाठल्यावर विचारावे काय, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे ‘जेवलात का?’ हा प्रश्न कुशल विचारण्याचा एक प्रकार आहे आणि त्याला ‘हो, आत्ताच’ हे उत्तर ठरलेले आहे. उपाशी माणूस परक्याला ‘मी उपाशी आहे’ असे सहसा सांगत नाही. ती त्याला लाजेची गोष्ट वाटते. आई तर मुलांच्या देखत मुळीच सांगत नाही. म्हणून ‘तुम्ही उपाशी राहता का?’ असा थेट प्रश्न कुचकामाचा.

ह्या बाबतीत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील कॅथी रॅडिमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास केलेले काम मोलाचे आहे. त्यांनी गरीब घरांतील स्त्रियांशी सविस्तर बोलून भूक घरात कोणत्या पायऱ्यांनी शिरते हे समजून घेतले. प्रथम येते ती चिंता : उद्याचे कसे होईल? मग ताटातील पदार्थ उतरणीला लागतात. भाजी जाते, डाळ पातळ होते. मग मोठी माणसे आपला घास कमी करतात, आणि मुलांच्या वाट्याला हात लागतो तो सर्वांच्या शेवटी. ह्याच विचारसरणीवर आधारलेली आठ प्रश्नांची एक मोजपट्टी संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना अनेक देशांत वापरते. अन्न पुरेल की नाही अशी काळजी वाटली का, येथून ती प्रश्नावली सुरू होते. मोजकेच प्रकार खावे लागले का, जेवणाची एखादी वेळ चुकवावी लागली का, घरातील अन्न संपले का, अशी एक एक पायरी उतरत ती पुरा दिवस काहीच न खाता काढावा लागला का, येथे येऊन थांबते. ह्या पद्धतीत एकट्या थेट प्रश्नावर विसंबावे लागत नाही. तरी भूक कोणत्या पायरीवर आहे हे कळते. अनुभवी कार्यकर्त्या तर आणखी सोपा मार्ग धरतात. काल सकाळी काय शिजविले, रात्री काय शिजविले, कोण प्रथम जेवले, शेवटी जेवणाऱ्याला काय उरले, एवढे त्या विचारतात.

शेवटी जेवणाऱ्याला काय उरले, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आपल्या घरांत सर्वांना वाढून मग बाईने बसण्याची चाल अजून पुष्कळ ठिकाणी आहे. पातेले भरलेले असते तोवर ह्या चालीने फारसे बिघडत नाही. पातेले अर्धे झाले की तीच चाल उपासमारीचे रूप घेते. शिधापत्रिका कुटुंबाची, धान्य कुटुंबाला, पाहणीही कुटुंबाची. मात्र भूक कुटुंबाला लागत नसते, ती एकेका माणसाला लागते. मुलांच्या बाबतीतही असेच झाले. शाळा बंद झाल्या आणि शाळेतील मध्यान्ह भोजन थांबले. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी आपण होऊन ह्याची दखल घेतली आणि राज्यांनी शिजविलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा किंवा पैसे देण्याची व्यवस्था केली. व्यवस्था योग्यच होती. परंतु शाळेच्या पंगतीत वाढलेला भात त्या मुलाच्याच पोटात जात असे. घरी आलेला तांदूळ सर्वांचा झाला. पाच जणांच्या घरात त्या मुलाचा वाटा आपोआप पाचवा झाला, आणि ह्यात दोष कोणालाच देता येत नाही.

‘हंगर वॉच’च्या पाहणीतील तीन आकडे ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. गहू-तांदळाचे सेवन टाळेबंदीपूर्वीपेक्षा घटल्याचे ५३ टक्के लोकांनी सांगितले. डाळीचे घटल्याचे ६४ टक्क्यांनी. आणि हिरव्या भाजीचे घटल्याचे ७३ टक्क्यांनी. हे चढते आकडे बोलके आहेत. जे शिधावाटपाच्या दुकानातून मुबलक मिळत होते त्याची झळ त्यातल्या त्यात कमी. जे थोडे मिळत होते त्याची अधिक. आणि जे रोख पैसे देऊन बाजारातूनच आणावे लागते त्याची सर्वांत अधिक. म्हणजे मोफत धान्याने माणसे तगली खरी. परंतु गेलेली मजुरी त्या धान्याने भरून निघाली नाही. पोट भरले तरी अंगी बळ येईलच असे नाही, आणि साथीच्या काळात अंगातील बळाचीच तर गरज असते.

आता मला जे मुख्यत्वेकरून सांगावयाचे आहे त्याकडे वळतो. मदत ज्या यादीवरून वाटली जाते, बहुधा त्याच यादीवरून मदत पोचली की नाही ह्याची चौकशीही होते. त्यामुळे यादीत नसलेला माणूस दोनदा सुटतो : एकदा धान्य देताना आणि पुन्हा भूक मोजताना. मग अहवालात त्याची भूक दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून ती नाहीच असा आपला समज होतो.

ह्याची उदाहरणे हवी तितकी आहेत. अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीची मर्यादा २०११ च्या जनगणनेवर बेतलेली होती. लोकसंख्या वाढली, २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, मर्यादा मात्र होती तीच राहिली. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ व रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकारी मेघना मुणगीकर ह्यांनी २०२० साली काढलेल्या अंदाजानुसार एवढ्या एका कारणाने १० कोटींहून अधिक लोक यादीबाहेर राहिले होते. दुसरे उदाहरण त्याच वर्षीच्या मे महिन्यातील. शिधापत्रिका नसलेल्या ८ कोटी स्थलांतरितांना दोन महिने माणशी ५ किलो धान्य देण्याचे केंद्राने जाहीर केले. धान्य मंजूर झाले. पण ही ८ कोटी माणसे कोण व कोठे, ह्याची यादीच राज्यांजवळ नव्हती, आणि मंजूर धान्यापैकी निम्म्याहूनही कमी धान्य प्रत्यक्ष वाटले गेले. देणारा हात पुढे झालेला, घेणारा हात रिकामा, आणि मध्ये एका यादीचा अभाव.

परंतु याद्यांचे हे दुखणे याद्यांनीच बरे करता येते, हेही पुढे दिसून आले. २६ ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांची ‘ई-श्रम’ ह्या नावाने नोंदणी सुरू झाली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ही यादी आणि शिधापत्रिकांची यादी शेजारी शेजारी ठेवण्यात आली. नोंदलेल्या सुमारे २८ कोटी ६० लाख कामगारांपैकी सुमारे ८ कोटी लोकांजवळ शिधापत्रिका नाही, असे निघाले. त्यांना शिधापत्रिका द्याव्यात असा आदेश न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. येथे कोणी नवी पाहणी केली नाही. दोन वह्या ताडून पाहिल्या, एवढेच. संशोधन म्हणजे नेहमी मोठा खटाटोप असतो असे नाही. कोणाचे नाव कोठे नाही, हे चिकाटीने पाहणे हेही संशोधनच होय.

आणि जेथे यादीची अटच नसते तेथे काय होते, ह्याचेही उदाहरण आपल्या राज्यात आहे. २६ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्रात शिवभोजन थाळी सुरू झाली : दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात, दहा रुपयांत. टाळेबंदी होताच तिची किंमत पाच रुपये करण्यात आली, आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काही काळ ती मोफत मिळाली. प्रत्येक केंद्रावरील थाळ्यांची संख्या मर्यादित होती आणि सर्वांना ती पुरणे शक्य नव्हते. परंतु तेथे शिधापत्रिका विचारली जात नव्हती आणि घरी चूल असण्याचीही गरज नव्हती. जी ठाणी आपण मघाशी पाहिली, त्यांपैकी बरीचशी ह्या शिजविलेल्या अन्नाने एकदम ओलांडली. पुढील साथीच्या तयारीत कोरड्या शिध्याबरोबर शिजविलेल्या अन्नाचीही योजना का असावी, ह्याचे उत्तर ह्यात आहे.

आपण शहरातील सुशिक्षित कुटुंबांतील मंडळी. त्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांनी शिध्याची पाकिटे वाटली, घरकाम करणाऱ्या बाईंना न येताही पगार दिला; ते योग्यच केले. परंतु साथ नसतानाही आपल्या हातून होण्यासारखे एक काम आहे. ज्या बाई आपल्या घरी येतात, जो पहारेकरी आपल्या दारात बसतो, जे गवंडी-बिगारी शेजारची इमारत बांधतात, त्यांची शिधापत्रिका आहे का, कोणत्या गावची आहे, लग्न होऊन आलेल्या सुनेचे व नव्याने जन्मलेल्या मुलाचे नाव तीत चढले आहे का, हे आपुलकीने विचारावे. नसेल तर शिधावाटप कार्यालयातील अर्ज भरावयास मदत करावी. अर्जाची भाषा, जोडावयाचे दाखले, रांगेत मोडणारा दिवस, ह्या आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींपायीच पुष्कळांची नावे राहून जातात. ज्या संस्था पाहण्या करतात त्यांनाही आपण एक प्रश्न अवश्य विचारावा : आपल्या पाहणीतून कोण सुटले?

साथ पुन्हा केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आली म्हणजे घाईघाईने याद्या करणे जमत नाही, हे मात्र आपण पाहिले आहे. कोठारे भरण्याचे काम शेतकऱ्याने केले, ती राखण्याचे काम सरकारने केले. कोठारापासून चुलीपर्यंतच्या वाटेवर कोण राहून गेले, हे निवांतपणाच्या दिवसांत शोधून ठेवणे हे आपणा सर्वांचे काम आहे. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.